नागीण: साठ वर्षं हा विषाणू आईच्या अंगात लपला तरी कुठं?

पंचगंगाघाट
परवा रात्रीपासून आईला डाव्या कुशीवर झोपता येईना. बरगडीखाली भाजल्यासारखं होतंय म्हणाली. आदल्या दिवशी डंकावरून चटणी कुटून आणली होती, पिशवी उचलताना लचक भरली असेल असं आम्हाला वाटलं. बाम चोळला, शेक दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पदर सरकवून दाखवलं तर पाठीच्या कण्यापासून डाव्या बाजूनं पुढं छातीखालपर्यंत लाल पट्टा उठलेला. त्यावर मोहरीएवढे पाणीदार फोड, घोसाघोसानं. शेजारच्या काकूंनी लांबूनच ओळखलं, "नागीण हाय ही."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि विचारलं, "लहानपणी कांजिण्या आलेल्या का?" आईला पक्कं आठवतंय. आठ वर्षांची होती, कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलेलं. आता ती एकोणसत्तर वर्षांची आहे. डॉक्टर म्हणाले, "तोच विषाणू हा. बाहेरून नवीन काही आलं नाही, तेव्हापासून अंगातच होता."

मी घरी आल्यापासून याचाच विचार करतोय. एकसष्ट वर्षं! मधे तिची तीन बाळंतपणं झाली, टायफॉइड झाला, २०१९ च्या पुरात आठवडाभर दुसऱ्याच्या घरी काढला, कोविड होऊन गेला. एवढ्या वेळात शरीराला हा सापडला कसा नाही? आपली प्रतिकारशक्ती सर्दीच्या विषाणूला आठवड्यात बाहेर काढते, मग याला का नाही? माहितगार मंडळींनी नीट समजावून सांगावं. आईलाही सांगायचंय, ती रोज विचारते.

रंकाळ्याचीहवा
आधी हे सांगा, गोळ्या कधी सुरू झाल्या? पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही आठवडा घालवला. फोड महिन्यात गेले, पण त्या जागेला पुढं वर्षभर सदरा टेकू देत नव्हते.

पंचगंगाघाट
फोड दिसले त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. ॲसायक्लोविर, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. रात्रीच्या गोळीसाठी गजर लावून उठतोय.

चटणीभाकरी
गोळ्या घ्या, पण माझं पण ऐका. आमच्या गावाकडं कागल भागात एक आजोबा नागीण उतरवायचे. काव उगाळून फोडांच्या दोन्ही टोकांना रेघ ओढायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. माझ्या मावशीला त्यानंच गुण आला, मी स्वतः डोळ्यानं बघितलंय. नागिणीचं तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस हाताला लागत नाही म्हणतात. ती रेघ त्याच्यासाठीच.

राजारामपुरी_दवाखाना
पंचगंगाघाट, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. तीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा ताईंचं. तुम्ही बघितलं ते खोटं नाही, मावशी बऱ्याच झाल्या. पण नागीण काहीही न करता साधारण दोन ते चार आठवड्यांत सुकते. त्यामुळं त्या काळात जो कोणी काही लावेल त्याला यश येणारच. काव लावल्यानं होणारं नुकसान वेगळं असतं. फोड फुटलेल्या जागेत माती गेली की पू होतो. आणि त्याहून मोठं म्हणजे गोळ्यांचे ते पहिले तीन दिवस रेघा ओढण्यात जातात.

तोंड-शेपटीची भीती मनातून काढा. आपल्या कण्यातून डावीकडं एक आणि उजवीकडं एक अशा नसांच्या जोड्या निघतात. प्रत्येक नस आपापल्या बाजूच्या कातडीचा एकेक पट्टा सांभाळते. विषाणू ज्या नसेत जागा झाला तिच्याच पट्ट्यावर फोड येतात, म्हणून नागीण कण्यापासून निघते आणि पुढं पोटाच्या मध्यरेषेवर थांबते. तिला कुणी थांबवावं लागत नाही, तिथं त्या नसेची हद्दच संपते. क्वचित प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसाला पुरळ अंगभर पसरतं. तेव्हा धोका असतो, पण तो गोल पूर्ण झाल्यामुळं नसतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, लपला कुठं. कांजिण्या येतात तेव्हा विषाणू श्वासातून आत शिरतो. घशाजवळच्या टॉन्सिलमधे टी पेशी नावाचे संरक्षक असतात, हा थेट त्यांच्यातच घुसतो आणि त्यांच्याच पाठीवर बसून कातडीपर्यंत जातो. म्हणजे पोलिसाच्या गाडीतून चोर गावभर फिरला. कातडीवर फोड आले की तिथल्या संवेदनांच्या नसांची टोकं त्याला सापडतात. त्या नसेतून तो उलटा वर चढतो आणि कण्याशेजारी नसेच्या मूळ पेशींची जी गाठ असते तिच्यात जाऊन बसतो. काही विषाणू टी पेशींमधून रक्तावाटेही तिथं पोचतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना अशा गाठी ओळीनं आहेत. तुमच्या आईच्या डाव्या बाजूच्या एका गाठीत तो एकसष्ट वर्षं होता.

तिथं तो काहीच करत नव्हता, हीच त्याची युक्ती. या विषाणूला सुमारे ७० जनुकं आहेत, त्यातली जवळपास सगळी त्यानं बंद करून ठेवली. नवीन प्रथिनं नाहीत, नवीन पिल्लं नाहीत. पहारेकऱ्याला दिसावं असं काही बाहेर येतच नाही. शिवाय नसेची पेशी बहुधा जन्मभर तीच राहते, कातडीसारखी झडून नवी येत नाही. म्हणजे भाडेकरूला घर बदलावं लागलं नाही.

हे शोधलं कुणी माहीत आहे? होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरनं. सायरेन्सेस्टर या छोट्या गावात त्यानं सोळा वर्षं आपल्याच दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. १९६५ साली मांडलं की नागीण ही बाहेरून होणारी लागण नसून कांजिण्यांचा जुनाच विषाणू जागा झालेला असतो आणि वयाबरोबर पहारा ढिला पडतो म्हणून तो जागा होतो. मोठी प्रयोगशाळा नाही, फक्त वही आणि चिकाटी. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

एक सूचना सगळ्यांसाठी. नागीण कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. ती नस डोळ्यालाही जाते.

लाल_माती
डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. माझं सांगतो.

मी सतराव्या वर्षी तालमीत राहायला होतो. एकदा कानाखाली मानेवर बारके फोड आले, झणझणायला लागलं, दोन दिवस ताप. मैदान आठ दिवसांवर आलेलं. मी वस्तादांना सांगितलंच नाही, गळ्यात पंचा टाकून फिरलो. सकाळी जोर मारताना त्यांनी पंचा ओढला, मान वळवून बघितली आणि म्हणाले, "बाहेर हो. खपली पडल्याशिवाय मातीत पाय ठेवायचा न्हाई." मला इतका राग आला की दोन दिवस जेवलो नाही. तोवर माझ्या जोडीच्या पोराला पण आले, त्याच्या डाव्या गालावर. माझी मान आणि त्याचा गाल रोज एकमेकावर घासायचे.

नंतर कळलं, पैलवानांच्यात हा रोग जगभर आहे. ओठावर जो 'जर' येतो, म्हणजे बारके फोड, त्याचाच विषाणू, हर्पीज सिम्प्लेक्स. पैलवानांवरनं त्याला नावच हर्पीज ग्लॅडिएटोरम पडलंय. त्यानंतर वजन तोडताना, उपास-जागरण झालं की त्याच जागी परत येतो. त्याच जागी! एक बोट इकडं न्हाई, तिकडं न्हाई. आज कळलं की तो वरच्या गाठीत बसून त्याच नसेतून खाली उतरतोय.

चटणीभाकरी ताई, आखाड्याच्या मातीत आम्ही हळद, लिंबू, ताक, तेल घालतो, आणि काव पण घालतो. रोज अंगभर काव लावूनच लढत होतो, तरी फोड आले.

चटणीभाकरी
हे मात्र मला माहीत नव्हतं, दादा. मावशीला विचारून सांगते, तिनं गोळ्या पण घेतलेल्या का ते.

सूक्ष्मदर्शक
मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डॉक्टरांनी "कुठं" सांगितलं, मी "पहारेकऱ्याला दिसलं कसं नाही" यावर थोडं लिहिते. पोरांना शिकवताना मला हाच भाग सगळ्यात आवडतो.

विषाणूला स्वतःचं घर नाही, चूल नाही. जनुकांची एक चिठ्ठी आणि तिच्याभोवती प्रथिनांचं कवच, काहींना वर चरबीचं पांघरूण, संपलं. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून तो आपल्या नकला काढून घेतो. शिरण्यासाठी पेशीच्या दारावरचं कुलूप त्याच्या किल्लीला बसावं लागतं. कोविडच्या विषाणूला एसीई-२ हे कुलूप लागतं, एचआयव्हीला सीडी-४. म्हणून एचआयव्ही यकृताच्या पेशी सोडून नेमका टी पेशीच गाठतो.

आता पेशीच्या आत काय चाललंय हे बाहेरच्या पहारेकऱ्याला कळतं कसं? आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत खिडकीत मांडत असते. जोंधळा दळून झाल्यावर बाई गिरणीच्या दारात पीठ चिमटीत धरून बघते, तसं टी पेशी येता-जाता खिडकीतला नमुना बघत जाते. घरचंच पीठ असेल तर पुढं जाते. परकं दिसलं की ती पेशी तिथंच संपवते, विषाणूसकट.

म्हणून विषाणूंची निम्मी हुशारी या खिडकीवर खर्च होते. लाल_माती दादांचा विषाणू आयसीपी-४७ नावाचं इटुकलं प्रथिन बनवतो. तुकडे खिडकीपर्यंत नेणाऱ्या वाटेत ते बूच मारून बसतं, खिडकी रिकामी राहते. कांजिण्यांचा विषाणू खिडकीच पेशीच्या आत अडकवून ठेवतो.

पण शरीरही काही कच्चं नाही. आपल्याकडं नैसर्गिक मारक पेशी आहेत, त्यांचं काम याच्या बरोबर उलट. ज्या घराला खिडकीच नाही त्याच्यावर त्या संशय घेतात. यावर सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूनं काय करावं? तो खिडकीसारखी दिसणारी नकली चौकट बाहेर लावतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. ज्याला डोकं नाही, जिवंत म्हणावा की नाही यावर अजून वाद आहे, त्यानं लाखो वर्षांच्या चुकतमाकत हे साधलं.

पंचगंगाघाट, आईंना एवढंच सांगा की टी पेशी त्या गाठीभोवती पहारा देत होत्या. विषाणू अधूनमधून डोकं वर काढायचा प्रयत्न करत असेल, तेव्हा त्यांनी तो दाबला. साठ वर्षं शरीर हरत नव्हतं, जिंकत होतं.

पंचगंगाघाट
बाई, हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. डोळे पुसले तिनं. आपल्या अंगात काहीतरी कमी पडलं असं तिला वाटत होतं.

गंगावेस_कट्टा
विषय निघालाच आहे तर विचारतो. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशीची धार काढून उभ्या उभ्या दूध प्यायची आपली जुनी पद्धत, मी लहानपणापासून पितोय. मागं आमच्या गल्लीतल्या एका म्हशीला पिसाळलेलं कुत्रं चावलं. कुणाला कळलं नाही. महिन्याभरानं ती लाळ गाळायला लागली, दोरी तोडायला लागली, चार दिवसांत मेली. त्या महिन्यात तिचं दूध प्यायलेली अख्खी गल्ली इंजेक्शनच्या रांगेत उभी राहिली. मी पण घेतली. माझा प्रश्न, चावल्यावर महिनाभर हा विषाणू करतो काय? आणि शरीराला पत्ता कसा लागत नाही?

राजारामपुरी_दवाखाना
फार चांगला प्रश्न. रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो आणि त्याची चाल नागिणीच्या विषाणूसारखीच नसेतून असते, फक्त मुक्कामाला थांबत नाही. चावलेल्या जागी स्नायूत थोडा वाढतो, स्नायू आणि नस जिथं भेटतात तिथून नसेत शिरतो आणि नसेच्या आतल्या वाहतुकीला लटकून मेंदूकडं निघतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. रक्तात तो जवळजवळ येतच नाही. पहारा सगळा रक्तात आणि लसिकेत, हा जातोय भिंतीतल्या वायरीच्या पाईपमधून. वाटेत नसेची पेशी मारतही नाही, कारण मेलेली पेशी आरडाओरडा करते. त्याचं एक प्रथिन इंटरफेरॉनचा इशाराही दाबून टाकतं. त्यामुळं बहुतेकांच्या शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला ओळखून धरणारी आपली प्रथिनं, दिसायला लागतात ती लक्षणं सुरू झाल्यावर, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. लक्षणं दिसल्यावर वाचलेले रुग्ण जगात अगदी बोटांवर मोजण्याइतके.

पण त्याचा हा सावकाशपणाच आपल्याला वाचवतो. तो वाटेत असताना लस देऊन शरीराला त्याचं तोंड दाखवता येतं. पाश्चरनं जुलै १८८५ मधे जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला हेच केलं, कुत्रं चावून झाल्यावर लस. मुलगा वाचला.

कुत्रं चावलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, पंधरा म्हणजे पंधरा. या विषाणूला चरबीचं पांघरूण आहे, साबणानं ते फाटतं. त्यावर तिखट, चुना, हळद काही भरू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं, ते विचारून घ्या. लसीचे सगळे डोस पुरे करा, कुत्रं पाळलेलं असलं तरी.

दुधातून रेबीज होणं अतिशय दुर्मिळ आहे. उकळलेल्या दुधात विषाणू टिकतच नाही. तुम्ही लस घेतलीत त्यात चूक काही नाही. पण माझ्या दवाखान्यात दुधाची भीती वाटते म्हणून चाळीस जण येतात आणि पिल्लाचा दात लागलेला पोरगा घरीच राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

रंकाळ्याचीहवा
पंधरा मिनिटांचं आजच फ्रिजवर चिकटवतो. आमच्या कॉलनीत संध्याकाळी सातनंतर सायकलवरून क्लासला जाणारी पोरं आहेत.

गोठ्यावरनं
मी शिरोळ तालुक्यातला. चार म्हशी, दोन गाई. २०२२ ला लम्पी आला तेव्हा माझी एक गाय गेली, पाच महिन्यांची गाभण. अंगभर लिंबाएवढ्या गाठी, पायाला सूज, गळ्याखाली पाणी लोंबलेलं. रात्रभर तिच्याजवळ बसून मीठ-पाण्यानं पुसत होतो. दुसऱ्या गाईला लस आधी टोचलेली, तिला चार गाठी आल्या आणि बसल्या. म्हशींना काहीच नाही. लस शेळ्यांच्या देवीची होती म्हणाले. शेळीच्या रोगाची लस गाईला कशी चालली? बाईंनी सांगावं.

सूक्ष्मदर्शक
दादा, गाभण गाय गेली म्हणजे दोन जीव गेले. वाचून वाईट वाटलं.

लम्पीचा विषाणू, शेळ्यांच्या देवीचा आणि मेंढ्यांच्या देवीचा हे तिघे सख्खे भाऊ. चेहरा इतका सारखा की एकाला ओळखायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही पकडतं. इंग्लंडच्या जेन्नरनं १७९६ साली गाईच्या देवीची लस माणसाला दिली ती याच तत्त्वावर. त्यातूनच पुढं माणसांची देवी जगातून गेली, १९८० साली तशी घोषणा झाली. म्हशींना हा आजार होतो, पण गाईंपेक्षा खूप कमी.

हे देवीचं घराणं विषाणूंमधलं श्रीमंत घराणं. जनुकं भरपूर, त्यामुळं हत्यारंही भरपूर. वर इंटरफेरॉनचं नाव आलं ते इथं सांगते. पेशीत विषाणू शिरला की ती मरण्याआधी शेजारणींना निरोप पाठवते, "दारं लावून घ्या." तो निरोप म्हणजे इंटरफेरॉन, १९५७ साली लंडनमधे आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर काम करताना शोधला. देवीच्या घराण्यातले विषाणू काय करतात, निरोप घेणाऱ्या कानांसारखे नकली कान बनवून बाहेर सोडून देतात. निरोप त्या नकली कानांत जातो, शेजारीण बेसावध राहते. लसीनं हेच टळतं. निरोपाची वाट न बघता प्रतिपिंडं आधीच दारात उभी असतात.

चटणीभाकरी
म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायला काढा, च्यवनप्राश घ्यायचं ते उगाचच का? आमच्या घरी पावसाळा सुरू झाला की गवती चहा-आलं-मिऱ्याचा काढा रोज असतो.

लाल_माती
ताई, काढा प्या, घशाला बरा वाटतो. पण मला यातलं जे कळलं ते कुस्तीच्या भाषेत सांगतो. पाच लिटर दूध आणि हजार जोर मारून ताकद येते. पण समोरच्यानं ढाक मारायला हात कुठं घातलाय हे ओळखता आलं नाही तर ताकद काय करणार? नुसती ताकद असलेले लै पैलवान चितपट झालेले बघितलेत. शरीराचं पण तसंच दिसतंय. डाव ओळखणं महत्त्वाचं, आणि लस म्हणजे तो डाव आधी घोटवून घेणं.

सूक्ष्मदर्शक
लाल_माती दादा, हे मी उद्या वर्गात सांगणार. एचआयव्हीचं पण तुमच्याच भाषेत सांगते. कुस्तीआधी तुम्ही एकमेकांच्या अंगाला माती लावता, पकड निसटू नये म्हणून. एचआयव्ही अंगाला तेल चोपडून येतो. त्याच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंचं दाट आवरण असतं आणि ती साखर आपल्याच पेशींनी लावलेली असते. प्रतिपिंडाला परकं म्हणून धरावं असं फार थोडं उघडं राहतं. वर तो रूप इतक्या भराभर बदलतो की आज बसलेली पकड उद्या सुटते.

शाहूपुरी_गल्ली
फ्लूची लस दरवर्षी का घ्यायची, तेही याच कारणानं का?

सूक्ष्मदर्शक
हो, रूप बदलण्यामुळं. फ्लूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. वर्षागणिक तो थोडाथोडा बदलतो. आणि दोन जातींचे फ्लू एकाच डुकरात भेटले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन अगदीच अनोळखी विषाणू निघतो. २००९ चा स्वाइन फ्लू तसा निघाला. १९१८ ची साथ आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी मानमोडी म्हणून लक्षात ठेवली होती.

इचलकरंजी_माग
आमच्याकडं २०१२ साली काविळीची साथ आली, हेपटायटिस ई. आमच्या गल्लीत घराआड एक माणूस पिवळा होता. माग बंद, डोळे पिवळे, अन्नाचा वास आला की उलटी. माझी वहिनी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि डॉक्टरांनी आम्हाला हात जोडून सांगितलं होतं की हिला पाणी उकळल्याशिवाय थेंबभर देऊ नका, गरोदरपणात ही कावीळ जिवावर बेतते. चार महिने मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. वहिनी आणि पुतणी दोघी सुखरूप. तेव्हापासून एक विचारायचंय, नुसत्या पाण्यातून आलेला विषाणू पोटातल्या आम्लात मरत कसा नाही?

राजारामपुरी_दवाखाना
कारण त्याला चरबीचं पांघरूणच नाही. उघडा विषाणू चिवट असतो, आम्लाला, पित्ताला दाद देत नाही. म्हणून सॅनिटायझरवरही फार भिस्त ठेवू नका. साबणानं चोळून हात धुतले की तो पाण्याबरोबर वाहून जातो.

आणि याची खरी करामत पुढं आहे. हेपटायटिस ए आणि ई यकृताच्या पेशीतून रक्तात बाहेर पडताना आपल्याच पेशीचं पातळ आवरण अंगाभोवती गुंडाळून निघतात. रक्तात फिरणाऱ्या प्रतिपिंडांना ते घरचंच माणूस वाटतं. तोच विषाणू पित्तातून आतड्यात उतरला की पित्त ते आवरण धुऊन काढतं आणि तो पुन्हा उघडा, चिवट होऊन शौचावाटे बाहेर पडतो. रक्तात पांघरून, पाण्यात उघडा. दोन्हीकडं सोयीचं ते.

नवी_आई_कळंबा
माझं बाळ नऊ महिन्यांचं होईल, गोवराची लस आहे. सासूबाई म्हणतात गोवर सगळ्यांनाच येतो, येऊन गेला की अंग मोकळं होतं. काय सांगू?

सूक्ष्मदर्शक
लस नक्की द्या, आणि सासूबाईंना हे सांगा. गोवराचा विषाणू स्मरण ठेवणाऱ्या पेशींमधेच शिरतो आणि त्या मारतो. पूर्वी झालेल्या दुसऱ्या आजारांची जी ओळख शरीरानं जमवलेली असते तिची पानं फाटतात. २०१९ साली नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. अंग मोकळं होत नाही, उघडं पडतं. सासूबाईंशी वाद न घालता त्यांनाच बाळाबरोबर लसीला घेऊन जा, असं मी माझ्या घरी केलं होतं.

पंचगंगाघाट
सगळ्यांचे आभार. आज सातवा दिवस, शेवटची गोळी झाली. नवे फोड आले नाहीत, जुन्यांवर खपली धरतेय. ठणका आहे, पण काल पहिल्यांदा चार तास सलग झोपली.

दोन प्रश्न राहिलेत. माझा मुलगा चार वर्षांचा, त्याला कांजिण्या आलेल्या नाहीत, लसही दिलेली नाही. तो दिवसभर आजीला चिकटून असतो. त्याला नागीण होईल का? दुसरं, या गोळ्यांनी तो विषाणू गाठीतून कायमचा गेला का?

राजारामपुरी_दवाखाना
नागीण होणार नाही, पण फोडातल्या पाण्याला हात लागला तर कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ सुती कापडानं झाकून ठेवा, टॉवेल वेगळा. घरात कुणी गरोदर बाई असेल आणि तिला कांजिण्या झालेल्या नसतील तर तिनंही लांब राहावं. मुलाला उद्याच बालरोगतज्ज्ञांकडं न्या. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, खासगीत मिळते. संपर्क आल्यावरही तीन ते पाच दिवसांत दिली तर पुष्कळदा आजार टळतो. तुमचा संपर्क रोजचाच आहे, म्हणून आणखी दिवस घालवू नका.

दुसऱ्याचं उत्तर, नाही, गेला नाही. ॲसायक्लोविर हे फार देखणं औषध आहे. ज्यांच्या प्रयोगशाळेत ते निघालं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. गोळी पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. वाढत असलेल्या विषाणूचं स्वतःचं एक प्रथिन तिला जागं करतं आणि मग ती त्याचीच नक्कल अडवते. म्हणून निरोगी पेशींना त्रास कमी. पण झोपलेला विषाणू ते प्रथिन बनवतच नाही, त्यामुळं गाठीत जो स्वस्थ बसलाय त्याला गोळी शिवत नाही. त्याच्यावर पहारा वाढवणारी लस आहे, शिंग्रिक्स. पन्नाशीपुढच्यांना दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. महाग आहे. पुरळ पूर्ण बरं झाल्यावर तुमच्या डॉक्टरांशी बोला.

चटणीभाकरी
मावशीशी बोलले. काव लावली होती आणि मामानं दवाखान्यात पण नेलं होतं, गोळ्या आठवडाभर घेतल्या. मला एवढी वर्षं कावेचंच आठवत होतं. पंचगंगाघाट, आईंना खपल्या सुकल्या की सैल सुती झंपर घालायला सांगा, मावशीला त्यानंच बरं वाटलं होतं.

पंचगंगाघाट
ताई, सांगतो. जुन्या धुवट साडीचे तुकडे करून ठेवलेत, तेच वापरतोय.

रात्री आईला गाठ, नस, खिडकी सगळं कागदावर काढून समजावलं. बराच वेळ कागद बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जात होतो तेव्हा हा होता? माझ्या लग्नात पण होता?" मी म्हटलं, होता. "तू झालास तेव्हा?" तेव्हाही होता. मग विचारलं, "आणि मला कुणाकडनं आला असेल?" आणि तिचं तिलाच आठवलं. शेजारच्या वाड्यातली सुमी. तिला कांजिण्या आल्या होत्या आणि आई कुणाला न सांगता तिच्याशी सागरगोटे खेळायला गेली होती. सुमी पुढं लग्न होऊन गडहिंग्लजला गेली, चाळीस वर्षांत भेट नाही. आज सकाळपासून तिचा फोन नंबर शोधायला लावलंय. "तिला पण सांगायला पाहिजे, फोड आले तर तीन दिवस थांबू नको म्हणून."

मुलाला साडेदहाची वेळ मिळालीय, निघतोय.